एदोआर्दो बास्सिनी

एदोआर्दो बास्सिनी (१८४४–१९२४) हे इटालियन शल्यचिकित्सक होते. जांघेतील अंतर्गळावरील (हर्नियावरील) आधुनिक शस्त्रक्रियेचे ते जनक मानले जातात.

जीवन

बास्सिनी यांचा जन्म १४ एप्रिल १८४४ रोजी पाव्हिया येथे झाला. १८६६ मध्ये तेथील विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते गॅरिबाल्डी यांच्या अनुयायांसह इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात उतरले. ऑक्टोबर १८६७ मध्ये रोमजवळील व्हिला ग्लोरी येथील चकमकीत त्यांच्या उजव्या जांघेत संगीन घुसली आणि ते पोपच्या सैन्याचे बंदी झाले. आतड्याला इजा झाल्याने जखमेतून मळ पाझरत असे. पाव्हियातील शल्यचिकित्सक लुइजी पोर्ता यांच्या उपचारांनी ते बरे झाले. पुढे त्यांनी व्हिएन्नात बिलरोट व बर्लिनमध्ये लांगेनबेक यांच्याकडे अनुभव घेतला आणि लंडनमध्ये लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत अभ्यासली. १८८२ पासून ते पादुआ विद्यापीठात प्राध्यापक होते.

शस्त्रक्रिया पद्धती

त्या काळी शस्त्रक्रियेनंतरही अंतर्गळ बहुधा पुन्हा उद्भवत असे व रुग्णाला कायम पट्टा बांधावा लागे. केवळ पिशवी काढून बाहेरचे छिद्र शिवल्याने वंक्षण नलिकेची मागची भिंत दुबळीच राहते, हे बास्सिनी यांनी ओळखले. पिशवी मुळाशी बांधून कापल्यावर ते पोटाच्या भिंतीचे तीन थर एकत्र घेऊन रेशमी टाक्यांनी वंक्षण बंधाला शिवत. अशी पहिली शस्त्रक्रिया त्यांनी १८८४ मध्ये केली. १८८९ च्या ग्रंथात त्यांनी २६२ अंतर्गळांवरील शस्त्रक्रियांचे निष्कर्ष मांडले. बहुतेक रुग्णांचा त्यांनी पुढे मागोवा घेतला होता. पुनरुद्भवाचे प्रमाण शंभरात तीनहून कमी होते. रुग्ण घरी गेल्यानंतरची स्थिती हीच यशाची कसोटी, हा पायंडा त्यातून दृढ झाला.

वारसा

पुढे अनेकांनी मागच्या भिंतीचा आतला थर न उघडताच ही शस्त्रक्रिया केली. त्यांना तसे यश लाभले नाही. मूळ पद्धतीलाही मर्यादा होती: टाक्यांवर ताण येत असे. जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून उद्भवणाऱ्या अंतर्गळात ही अडचण अधिक जाणवते, कारण तेथील ऊती आधीच दुबळ्या झालेल्या असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम जाळी वापरात आल्यावर हा ताण टाळता येऊ लागला. बास्सिनी यांचे निधन १९२४ मध्ये झाले.