मेरी क्युरी आणि रेडियमचे माप

मेरी क्युरी यांचे नाव घेतले की दोन नोबेल पारितोषिके आठवतात. रेडियमचे जगासाठी एकच माप ठरवण्याचे त्यांचे काम मात्र फारसे सांगितले जात नाही.

१८६७ साली वॉर्सा येथे जन्मलेल्या मेरी यांनी पती पिएर यांच्यासह १८९८ मध्ये पॅरिसमध्ये रेडियमचा शोध लावला. काही वर्षांतच डॉक्टर कर्करोगाच्या गाठींवर रेडियम वापरू लागले. हे उपचार मिलिग्रॅमच्या हिशेबात चालत, पण प्रत्येक प्रयोगशाळेचा मोजण्याचा नमुना वेगळा होता. त्यामुळे एका शहरातील दहा मिलिग्रॅम दुसऱ्या शहरातील दहा मिलिग्रॅमइतकेच असतील, याची खात्री नव्हती. मात्रा कमी पडली तर गाठ तशीच राही. जास्त झाली तर निरोगी पेशी होरपळत.

सप्टेंबर १९१० मध्ये ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत यावर समिती नेमली गेली. तिचे प्रमुख होते अर्नेस्ट रदरफर्ड. प्रमाण नमुना तयार करण्याचे काम मेरी यांच्याकडे आले. किरणोत्साराच्या एककाला ‘क्युरी’ हे नाव मिळाले. त्यासाठी एक ग्रॅम रेडियमच आधार धरावे, असा मेरी यांचा आग्रह होता आणि तो मान्य झाला.

१९११ मध्ये त्यांनी २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड काचेच्या बारीक नळीत बंद केले. नळी आपल्याच प्रयोगशाळेत राहावी, अशी त्यांची इच्छा होती. जगाचे माप एका व्यक्तीच्या ताब्यात नसावे, असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. अखेर नळी पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेकडे गेली. त्याआधी, मार्च १९१२ मध्ये, व्हिएन्नात स्वतंत्रपणे बनवलेल्या नमुन्यांशी तिची तुलना झाली. नळ्या न फोडता, बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून केलेली ही मोजणी जुळली. पुढे या मापाशी ताडून पाहिलेले नमुने इतर देशांना मिळाले. दोनच वर्षांनी फ्रान्स आणि ऑस्ट्रिया महायुद्धात एकमेकांविरुद्ध उभे ठाकले, पण ठरलेले माप टिकले.

युद्धानंतर १९२२ पासून मेरी राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य समितीवर होत्या.

रेडियमचे माप ठरले, तरी शरीराला किती किरण सोसतील, याचे माप ठरायला वेळ लागला. किरणांपासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली ती १९२८ मध्ये, स्टॉकहोमला. तोवर मेरी यांनी तीस वर्षे किरणोत्सारी पदार्थ हाताळले होते. ४ जुलै १९३४ रोजी अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती मंदावण्याच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

आज ‘क्युरी’ची जागा ‘बेक्वेरेल’ने घेतली आहे आणि प्रमाण नमुनेही बदलले आहेत. पद्धत मात्र तीच राहिली: कर्करोग रुग्णालयातील किरणांची मात्रा राष्ट्रीय प्रमाणाशी आणि ते प्रमाण आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी ताडून पाहायचे. भारतात ही जबाबदारी मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्र सांभाळते.