हवेला शिस्त लावणारे विलिस कॅरियर



विलिस कॅरियर यांचा जन्म १८७६ साली अमेरिकेत एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी अपूर्णांक समजेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून ते शिकवले. पुढे १९०१ मध्ये ते इंजिनिअर झाले.

१९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत असे व रंग सरकत. कॅरियर यांनी गार नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील बाष्प काढले. आधुनिक वातानुकूलनाचा हाच आरंभ. १९२२ मध्ये त्यांनी मोठ्या इमारतींसाठी नवे शीतयंत्र बनवले. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले.

आज संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांतही हवा अशीच काटेकोर राखावी लागते. त्यात वीज फार खर्च होते. बाष्प काढताना गार झालेली हवा पुन्हा थोडी तापवावीही लागते! मात्र शीतयंत्र उष्णता नष्ट करीत नाही, बाहेर टाकते. एसीच्या बाहेरच्या भागातून गरम झोत येतो, तो हाच. ही टाकाऊ उष्णता हवा व पाणी तापवायला वापरली, तर इंधन वाचते.

शेजारच्या गुजरातेत धोलेरा येथे २०२४ मध्ये चिप-कारखान्याची पायाभरणी झाली. अशी बचत साधणारे इंजिनिअर आपल्या शाळेतूनही घडावेत, हीच सदिच्छा.