घोड नदीचा मासा आणि कर्नल साईक्स



सजीवांच्या वर्गीकरणाचा पाठ आला की मुलं द्विनाम पद्धती घोकून टाकतात. आधी प्रजातीचं नाव, मग जातीचं. आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका, माणूस म्हणजे होमो सेपियन्स. ही नावं कोण ठेवतं, कशी ठेवतं, असं एखाद्या मुलाने विचारलं, तर उदाहरण आपल्या दारातच आहे. न्हावऱ्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला घोड. याच घोड नदीतला, शिरूरजवळ मिळालेला एक मासा जगाच्या शास्त्रात नोंदला गेला. नोंदवणारा होता विल्यम हेन्री साईक्स.

साईक्सचा जन्म १७९० सालचा, इंग्लंडमधला. आपल्याकडे मुलं नववीत असतात त्या वयात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात शिरला. १८०५ मध्ये तो भरतपूरच्या वेढ्यात होता. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढला. हे मुलांपासून लपवू नये. पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली आणि कंपनीच्या हाती नवा मुलूख आला. इथे माणसं किती, जमीन कशी, पिकं कोणती, पाऊस किती, हे कळल्याशिवाय कारभार चालणार कसा आणि सारा बसवणार कसा? म्हणून गव्हर्नर एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये साईक्सला आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड एवढा त्याचा पसारा.

गावोगाव फिरताना त्याने माणसांबरोबर पक्षी, प्राणी आणि मासेही मोजायला घेतले. १८२९ मध्ये सरकारने ते पदच रद्द केलं. तरी साईक्सने लष्करातून रजा घेऊन काम पुरं केलं आणि १८३१ मध्ये तो मायदेशी परतला. त्याच वर्षी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या अंकात आली. १८३२ मध्ये दोनशेहून जास्त पक्ष्यांची यादी आली. मासे १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले.

काम कसं चालायचं? प्राणी हातात घ्यायचा, मापं घ्यायची, रंग, चोच, दात, पर लिहून काढायचे. पक्ष्यांच्या पोटात काय सापडलं तेही बघायचं. मग आधी कोणी याचं वर्णन केलंय का हे ताडून पाहायचं. नसेल, तर नवं नाव द्यायचं.

नावं देण्याच्या त्याच्या तऱ्हा मुलांना फार आवडतात. एका रातव्याला त्याने मराठ्यांच्या मुलखावरून 'महरॅटेन्सिस' म्हटलं. माळावरच्या एका चंडोलाला 'देवा', तर एका छोट्या वटवट्यासारख्या पक्ष्याला 'रामा'. सातभाईंमधल्या एका मोठ्या जातीला गव्हर्नर माल्कमचं नाव मिळालं. लांडग्याला फिकट पायांवरून 'पॅलिपेस'.

माशांच्या बाबतीत मात्र त्याने लॅटिनचा फारसा शोध घेतला नाही. मासे ओळखणाऱ्या इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं घेतली. शिंगटी, शिंगाळा, मळ्या ही नावं इंग्रजी वळणाने लिहून थेट शास्त्रात गेली. ज्या माशाच्या नाकाडावर खाच असते, त्याचं नाव 'नुक्टा'. मुलांना आपला 'नकटा' आठवतोच. रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळणाऱ्या मुळा-मुठेत, पुण्याच्या पूर्वेला मिळालेला 'खुद्री' हा दख्खनचा महसीर. आणि आपल्या घोडेतला 'मुसुल्ला'.

पण नाव ठेवलं म्हणजे ते टिकलंच असं नाही. खोकडाला साईक्सने 'कोक्री' म्हटलं, पण त्याच प्राण्याला १८०० मध्येच दुसऱ्याने नाव दिलेलं होतं. आधीचं नाव खरं, हा नियम. त्यामुळे 'कोक्री' मागे पडलं. कोळसुंद्याला त्याने दख्खनचं नाव दिलं, पण रशियातून त्याचं वर्णन आधीच झालं होतं. लांडगाही पुढे करड्या लांडग्याची उपजात ठरला. मुसुल्लाला तर कितीतरी वर्षं महसीर समजलं जात होतं. अलीकडे साईक्सचं वर्णन पुन्हा तपासलं, तेव्हा त्याची प्रजातीच वेगळी निघाली. आज तो हिप्सेलोबार्बस मुसुल्ला. म्हणजे शास्त्रातलं नाव हे दगडावरची रेघ नाही. नवा पुरावा आला की ते बदलतं. पाठात नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

साईक्स पुढे कंपनीचा संचालक आणि मग अध्यक्ष झाला, ब्रिटिश संसदेत निवडून गेला आणि १८७२ मध्ये वारला. लंडनची संख्याशास्त्र संस्था उभी करणाऱ्यांतही तो होता.

आता वर्गात काय करता येईल? मुलांना सांगा, घरी आजी-आजोबांना, मासे धरणाऱ्यांना, मेंढपाळ काकांना विचारून या: नदीतले मासे कोणते, माळावरचे पक्षी कोणते, त्यांना गावात काय म्हणतात? प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: कुठे दिसतो, ओळखायची खूण काय आणि नाव कोणी सांगितलं. एकाच पक्ष्याला दोन घरांत दोन नावं निघाली, तर भांडू द्या. मग शास्त्रीय नाव कशाला लागतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरी गोष्ट सोडू नका. शास्त्रात मुसुल्लाच्या नावापुढे साईक्स आणि १८३९ असं लिहितात. ज्याने घोडेच्या काठी त्याला ते नाव सांगितलं, त्याचं नाव लिहायची पद्धत नाही. आपल्या मुलांच्या वहीत ती रकाना भरलेली असू दे. ज्या आजोबांना वीस माशांची नावं येतात, त्यांच्या नातवाला आज दोन येतात. उरलेली अठरा लिहून घ्यायला हेच वर्ष बरं.