ब्लेझ पास्कल : नाव माणसाचं, भाषा संगणकाची

ब्लेझ पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला. तीन वर्षांचे असतानाच आई गेली. वडील एतिएन यांनी मुलाला घरीच शिकवलं आणि (पालकांनी हे जरूर वाचावं) आधी लॅटिन-ग्रीक पक्कं व्हावं म्हणून गणिताची पुस्तकं त्याच्यापासून दूर ठेवली. झालं उलटंच! बाराव्या वर्षी पोरगा जमिनीवर कोळशाने आकृत्या काढत, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन होते इथवर एकटाच पोचला, असं त्यांच्या बहिणीने लिहून ठेवलंय. मग वडिलांनी हट्ट सोडला.

पुढे वडील रुआँ शहरात करवसुलीचे अधिकारी झाले. रात्र रात्र बेरजा चालायच्या. ते बघून १६४२ च्या सुमारास पास्कल यांनी दातेरी चाकांचं गणनयंत्र करायला घेतलं. अडचण फ्रेंच नाण्यांची होती : १२ दनिएचा एक सू, २० सूंचा एक लिव्र. म्हणून हिशेबाच्या यंत्रात एक चाक १२ घरांचं, एक २० चं, बाकीची १० ची. यंत्रंही वेगवेगळ्या आकारांची, कुठलं पाच अंकी, कुठलं आठ अंकी. किंमत मात्र भारी, त्यामुळे खप बेताचाच.

१६५४ मध्ये त्यांनी अंकांच्या त्रिकोणावर ग्रंथ लिहिला. (आपल्याकडे हाच मेरुप्रस्तार, कितीतरी आधीचा.) प्रकृती कायम नाजूक. १९ ऑगस्ट १६६२ ला, अवघ्या ३९ व्या वर्षी ते गेले.

१९७० मध्ये निकलाउस विर्थ यांनी आपल्या भाषेला त्यांचं नाव दिलं. गंमत बघा, त्रिकोणाची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एकाने लांब. आणि मूळ पास्कल भाषेत ॲरेचा आकार हा त्याच्या प्रकाराचाच भाग. १० घरांच्या ॲरेसाठी लिहिलेली प्रोसिजर ११ घरांचा ॲरे घेतच नाही. मुलं इथे हमखास अडतात. तेव्हा सगळ्यात लांब ओळ मावेल एवढा एकच मोठा ॲरे घ्यायला सांगावं आणि खरी लांबी वेगळ्या पॅरामीटरने पाठवावी. १९८३ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात कनफॉर्मंट ॲरे आले; त्यात ॲरेच्या सीमा प्रोसिजरला आपोआप कळतात. पण ती सोय वरच्या पातळीतच ठेवली, त्यामुळे प्रत्येक कंपायलरमध्ये ती मिळेलच असं नाही.