पंचांविना घडलेला विक्रम : जॉर्ज हॅकेनश्मिट

आजच्या कोणत्याही व्यायामशाळेत डोकावले, तर सर्वाधिक गर्दी असते ती बाकाभोवती. पाठीवर झोपून छातीवरून बार वर ढकलण्याचा 'बेंच प्रेस' हा व्यायाम ताकदीचे सर्वमान्य माप ठरला आहे. मात्र, हा बाक व्यायामशाळेत येण्यापूर्वी एका तरुणाने जमिनीवर पाठ टेकून तब्बल ३६१ पौंड, म्हणजे सुमारे १६४ किलो वजन दोन्ही हातांनी वर रेटले होते. त्याचे नाव जॉर्ज हॅकेनश्मिट. 'रशियन सिंह' या नावाने ते युरोप-अमेरिकेत गाजले. वजनाने त्यांना कीर्ती दिली, कुस्तीने वैभव दिले आणि कुस्तीनेच शेवटी विन्मुख परत पाठविले.

१ ऑगस्ट १८७७ रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील तार्तू येथे त्यांचा जन्म झाला. हे शहर आज एस्टोनियात आहे. वडिलांचा कापड रंगविण्याचा व्यवसाय होता. शाळकरी वयातच जॉर्ज यांना व्यायामाचे वेड लागले. पुढे रेव्हाल, म्हणजे आजच्या तालीन शहरात, एका यंत्रकारखान्यात ते उमेदवारी करू लागले. दिवसभर कारखाना आणि संध्याकाळी व्यायाममंडळ, असा त्यांचा क्रम होता. एका दुखापतीच्या निमित्ताने त्यांची गाठ सेंट पीटर्सबर्गचे डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्हस्की यांच्याशी पडली आणि आयुष्याची दिशाच बदलली. क्रायेव्हस्की स्वतः व्यायामाचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांनी या तरुणाची शरीरयष्टी पारखली आणि १८९८ मध्ये त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. मद्य आणि तंबाखू पूर्ण वर्ज्य, भरपूर दूध आणि रोजचा कसून सराव, असा तो शिष्यकाळ होता. त्याच वर्षी व्हिएन्नात हॅकेनश्मिट यांनी ग्रीको-रोमन कुस्तीचे युरोपीय विजेतेपद पटकावले आणि वजन उचलण्याच्या स्पर्धेत तिसरे स्थान मिळविले.

त्यांचा जमिनीवरचा विक्रमही याच सुमाराचा. त्या काळी बाक नव्हता आणि घोड्यांवर बार ठेवून देणारे मदतनीसही नव्हते. डोक्यामागे ठेवलेला बार स्वतःच ओढून चेहऱ्यावरून छातीपर्यंत आणावा लागे. बार चेहऱ्याला न लागता सरकावा, यासाठी हॅकेनश्मिट यांनी नेहमीपेक्षा मोठ्या व्यासाच्या चकत्या वापरल्या. मात्र, वर रेटताना त्यांनी कंबर उचलली नाही की झटका दिला नाही. केवळ हात, खांदे आणि छाती यांचे बळ त्यांनी पणाला लावले. हा विक्रम मोडायला १९१६ साल उजाडावे लागले. तो मोडणारे अमेरिकेचे जो नॉर्डक्वेस्ट एका पायाने अधू होते आणि त्यांनी आघाडी घेतली ती अवघ्या दोन पौंडांची.

पण खरा पेच पुढेच निर्माण झाला. बार पोटावर ठेवायचा, कंबरेच्या जोरदार उसळीने तो वर फेकायचा आणि मग हात ताठ करायचे, ही युक्ती बलवानांत रूढ झाली. वजनाचे आकडे फुगू लागले. निश्चल पाठीने उचललेले वजन आणि उसळी मारून फेकलेले वजन एकाच तराजूत कसे तोलायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. सर्वमान्य नियम नव्हते आणि तटस्थ पंचही नव्हते.

नियमांची हीच उणीव हॅकेनश्मिट यांच्या कुस्तीच्या कारकिर्दीलाही भोवली. जानेवारी १९०४ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात त्यांनी अहमद मद्राली या बलाढ्य तुर्की मल्लाला ४४ सेकंदांत खाली घेतले. मद्राली यांचा हात निखळला आणि लंडन या विजयाने वेडावून गेले. मे १९०५ मध्ये न्यूयॉर्कला टॉम जेंकिन्स यांना हरवून हॅकेनश्मिट जागतिक विजेते झाले. मात्र ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत फ्रँक गॉच यांच्याशी झालेली लढत दोन तासांहून अधिक चालली आणि अखेरीस त्यांनी माघार घेतली. आरंभी त्यांनी प्रतिस्पर्ध्याचे कौतुक केले. नंतर मात्र गॉच यांनी अंगाला तेल चोपडल्याची आणि पंचांनी दांडगाईकडे काणाडोळा केल्याची तक्रार केली. गॉच यांच्या चाहत्यांनी ती पराभूताची सबब ठरविली. त्या वादाचा निकाल आजतागायत लागलेला नाही. ४ सप्टेंबर १९११ रोजी सुमारे ३० हजार प्रेक्षकांसमोर शिकागोतच फेरलढत झाली. सरावात दुखावलेला गुडघा घेऊन हॅकेनश्मिट उतरले आणि सलग दोनदा चीत झाले. त्यानंतर त्यांनी कुस्तीला रामराम ठोकला.

उरलेले आयुष्य त्यांनी वाचन, चिंतन आणि लेखनात घालविले. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे 'द वे टू लिव्ह' हे व्यायामावरील पुस्तक अनेक आवृत्त्यांतून वाचले गेले. पुढे ते तत्त्वज्ञानाकडे वळले. १९३९ मध्ये त्यांनी फ्रान्सचे आणि १९५० मध्ये ब्रिटनचे नागरिकत्व स्वीकारले. पंचांच्या निर्णयावर रुष्ट झालेला हा मल्ल १९४८ मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत स्वतः परीक्षकाच्या खुर्चीवर बसला. जॉन ग्रिमेक यांनी स्टीव्ह रीव्हज यांना मागे टाकले, तीच ही स्पर्धा. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी लंडनमध्ये वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चार वर्षांनी, १९७२ मध्ये, आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला. हॅकेनश्मिट यांच्या काळातील प्रश्नांची उत्तरे आज त्याच्या नियमपुस्तकात सापडतात. डोके, खांदे आणि नितंब बाकाला टेकलेले हवेत. पावले जमिनीवर सपाट हवीत. दोन्ही तर्जनींमधील अंतर ८१ सेंटिमीटरहून अधिक नसावे. बार छातीवर आणून स्थिर करायचा आणि मुख्य पंचांच्या आज्ञेनंतरच वर रेटायचा. हात ताठ झाले तरी बार परत ठेवण्यासाठी पुन्हा आज्ञेची वाट पाहायची. तीन पंचांपैकी किमान दोघांनी पांढरा दिवा लावला, तरच ते वजन खेळाडूच्या नावावर जमा होते. पाठीची कमान करून बारचे अंतर कमी करण्याची युक्ती फोफावली, तेव्हा २०२३ पासून कोपर खांद्याच्या सांध्याच्या पातळीपर्यंत खाली आलेच पाहिजे, असा दंडकही घालण्यात आला.

या कसोटीवर हॅकेनश्मिट यांच्या वजनाला मान्यता मिळाली नसती, कारण जमिनीवर कोपर टेकतात आणि बार छातीपर्यंत पुरता उतरत नाही. पण उसळी न मारता, पाठ न उचलता वजन रेटण्याचे जे बंधन आज तीन पंच घालतात, ते त्यांनी एकही पंच समोर नसताना स्वतःवर घालून घेतले होते. म्हणूनच शतक उलटून गेल्यावरही या खेळाच्या इतिहासाचा आरंभ त्यांच्या नावाने केला जातो.