सरबराह अरूरसिंग : नेमणूक सरकारची, मंदिर संगतीचे

न्यूझीलंडमधील पहिला गुरुद्वारा १९७७ साली हॅमिल्टनच्या ते रापा येथे शीख समाजाने स्वतः उभारला. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात मात्र ब्रिटिश अमदानीत संगतीला, म्हणजे भाविक समुदायाला, कारभारात मत नव्हते. तेथील व्यवस्थापक, ‘सरबराह’, सरकार नेमीत असे.

१९०७ साली हे पद सरदार अरूरसिंग यांच्याकडे आले. १८६५ मध्ये अमृतसर जिल्ह्यातील नौशेरा नांगली येथील प्रतिष्ठित घराण्यात जन्मलेले अरूरसिंग मानद दंडाधिकारी होते आणि त्यांची राजनिष्ठा सर्वश्रुत होती. हीच निष्ठा त्यांच्या नावाला कायमचा डाग लावून गेली.

१३ एप्रिल १९१९ रोजी मंदिरापासून हाकेच्या अंतरावरील जालियनवाला बागेत जनरल डायरने निःशस्त्र जमावावर गोळीबार करविला. त्यानंतर लवकरच त्याच डायरला सुवर्णमंदिरात सिरोपा, म्हणजे सन्मानाचे वस्त्र, अर्पण झाले.

संताप धुमसत राहिला. ऑगस्ट १९२० मध्ये त्याच बागेत जमलेल्या लोकांसमोर अरूरसिंगांना हात जोडून क्षमा मागावी लागली. त्यांनी पद सोडले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली आणि दीर्घ संघर्षानंतर १९२५ च्या कायद्याने गुरुद्वारांचा कारभार निर्वाचित प्रतिनिधींकडे आला.

१९२६ मध्ये अरूरसिंग निवर्तले. सरबराह नेमण्याचा सरकारी अधिकार त्यांच्या डोळ्यांदेखत संपुष्टात आला होता.