धौलीच्या खडकावर नसलेला लेख

बँकेतून निवृत्त झालो त्याच वर्षी आम्ही दोघं पुरीला गेलो होतो. परतताना भुवनेश्वरच्या अलीकडे धौलीला थांबलो. बहुतेक मंडळी टेकडीवरच्या पांढऱ्या शांतिस्तूपाकडे जातात. अशोकाचा खडक त्याच्या खालच्या बाजूला आहे. दगडातून अर्धवट बाहेर आलेला एक हत्ती आणि त्याच्याखाली ब्राह्मीतल्या बारीक ओळी. पलीकडून दया नदी वाहते. शाळेपासून मनात बसलं होतं, की कलिंगाचा तो प्रसिद्ध पश्चात्ताप इथंच कोरलेला असणार. तो इथं नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

अशोक हा चंद्रगुप्ताचा नातू, बिंदुसाराचा मुलगा. राज्याभिषेक इ.स.पू. 268 च्या सुमारास झाला. नव्याण्णव भावांना मारून तो गादीवर आला, असं बौद्ध कथा सांगतात. पण त्याच्याच एका लेखात भावाबहिणींच्या घरांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे. तेव्हा नव्याण्णवाचा आकडा कथाकारांच्या नावे टाकलेला बरा. (आम्ही कादंबरीवाले याहून फार वेगळं करत नाही.)

अभिषेकाला आठ वर्षं झाली आणि त्यानं कलिंग जिंकलं. तेराव्या लेखात तो स्वतःच हिशेब देतो : दीड लाख माणसं देशोधडीला लावली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जे वाचले त्यांच्याही वाट्याला आप्तांचं दुःख आलं, हे तो विसरत नाही. आज त्याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्शाइतकी हानी झाली तरी आपल्याला ती सोसवणार नाही, असं तो म्हणतो. जिंकलेल्या राजानं पराभूतांच्या मेलेल्या माणसांची अशी मोजदाद करून ती दगडावर कोरावी, याला जगाच्या इतिहासात फार जोड सापडणार नाही. त्याच लेखात जंगलातल्या टोळ्यांना मात्र तो बजावतो, की पश्चात्ताप झाला तरी हातात बळ आहे. माणूस संत झाला होता, पण राजेपण सुटलं नव्हतं.

हा मजकूर गिरनारला आहे, डेहराडूनजवळच्या कालसीला आहे, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला आहे. कंदाहारला तर त्याचा ग्रीक अनुवाद मिळाला. कलिंगातल्या धौली आणि जौगड या दोन ठिकाणी मात्र अकरावा, बारावा आणि तेरावा लेख गाळून त्या जागी दोन वेगळे लेख कोरले आहेत.

मी तिथल्या दगडी पायरीवर बसलो. नोकरीत असताना एका शाखेत मोठा घोटाळा झाला होता. सर्व शाखांना परिपत्रक गेलं. मसुदा माझाच. त्यात चुकीची कबुली होती, खेद होता. पण जिथं ते घडलं त्या शाखेच्या प्रतीतून तो परिच्छेद काढायचा ठरलं. ज्यांचे पैसे अडकले होते ते तिथंच काउंटरसमोर उभे होते ना! त्या शाखेला वेगळं पत्र गेलं, ग्राहकांशी नीट वागण्याचं. मीच सही केली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

अशोकाचं वेगळं पत्र माझ्यापेक्षा पुष्कळच चांगलं आहे. सगळी माणसं माझी मुलं आहेत, असं तो तोसलीच्या अधिकाऱ्यांना कळवतो. कुणाला विनाकारण कोठडीत टाकू नका. मत्सर, राग, घाई, आळस टाळा. दर पाच वर्षांनी मी तपासणीला माणूस पाठवीन. अशा सूचना मी आयुष्यभर वाचल्या आणि लिहिल्या, पण त्यांत इतका जिव्हाळा क्वचितच पाहिला. चौदाव्या लेखात तर तो सांगून टाकतो, की राज्य मोठं आहे, सगळीकडे सगळं लिहिलेलं नाही. काही ठिकाणी जागेमुळे, काही कारणानं किंवा लेखनिकाच्या चुकीनं मजकूर अपुरा राहिला असेल. हा लेख धौलीच्या खडकावर आहे!

अशा माणसावर रागावणं कठीण आहे. मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात; आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही, हे तो जाहीर लिहून ठेवतो. जेवत असलो, अंतःपुरात असलो तरी प्रजेचं काम माझ्यापर्यंत आणा, असंही कळवतो. आपल्या सोपाऱ्यालाही त्याच्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे निघाले. पहिला 1882 मध्ये, दुसरा 1956 मध्ये.

पुढे ती लिपीच लोक विसरले. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ती उलगडली. तरी देवांचा प्रिय, प्रियदर्शी म्हणवणारा हा राजा म्हणजेच अशोक, याचा दगडावरचा पुरावा 1915 मध्ये मस्कीला मिळाला.

धौलीचे ते वेगळे लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवायचे, मधल्या काळातही संधी मिळेल तेव्हा, एकच माणूस असला तरी ऐकवायचे, अशी आज्ञा आहे. युद्धाला तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. ऐकायला जमलेल्यांत त्या एक लाखांची बायकामुलं असणारच. अधिकाऱ्यांनी कसं वागावं ते त्यांना पुनःपुन्हा ऐकवलं गेलं. राजाला त्यांच्या माणसांचं वाईट वाटलं, हे मात्र त्या खडकासमोर त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही.